लाल स्टुलावरची बाई

केसरबाईच्या रागाला घाई नसायची, हे कन्हेरीत लहानथोरांना ठाऊक होतं. पाण्याच्या टाकीपाशी एकदा एका बाईनं तिची नळाखाली लावलेली कळशी उचलून बाजूला ठेवली. केसरबाई काही बोलली नाही. पुढं चार वर्षं मात्र त्या बाईच्या घरच्या कुठल्याही कार्यात तिनं पोळपाटाला हात लावला नाही, आणि दर कार्याला त्या घरच्या पोळ्या कधी फाटल्या, कधी करपल्या, कधी कमी पडल्या. तिचा नवरा गंगाराम ग्रामपंचायतीत शिपाई होता. तो पारावर सांगायचा, "आमच्या हिचा राग म्हंजी मुरांबा. बरणी उघडायची घाई करू नका." तिच्या कानावर हे आलं की ती हसायची, पण खोटं आहे असं कधी म्हणाली नाही.

बारामतीच्या बाहेर, भिगवण रस्त्याला, सोपानरावांची पत्र्याची शेड होती. बागांमधून क्रेट भरून द्राक्षं यायची. फुटका मणी कात्रीनं काढायचा, घड साफ करायचा आणि खोक्यात रचायचा, असं काम. लांबच्या लांब टेबल आणि दोन्ही अंगांना मिळून चोवीस बाया. केसरबाईनं तिथं सहा हंगाम काढले होते आणि त्याआधी पंधरा वर्षं बागांत. नवी बाई आली की केसरबाई समोर उभी राहून तिची बोटं बघायची.

"देठ धर. द्राक्ष हाय ते, लेकराचा गाल न्हाय."

मण्यावर झाडाचीच एक पांढरी भुकटी असते. बोट लागलं की ती पुसली जाते, मणी चकाकतो आणि चार दिवसांत मऊ पडतो. म्हणून घड देठाला धरून उचलायचा, देठालाच धरून फिरवायचा आणि तसाच निजवायचा. केसरबाई दिवसातून पन्नास वेळा 'देठ, देठ' करायची, आणि तिच्या आवाजाबरोबर अठ्ठेचाळीस हात सरळ व्हायचे.

तिथं आणखी एक चाल होती, ती पैऱ्याची. आज तुझ्या रानात चार बाया, उद्या माझ्या रानात चार, हा शेतातला पैरा बायांनी कुणालाही न विचारता टेबलावर आणून मांडला होता. शमाचं मूल पाच महिन्यांचं. तिची सासू दिवसातून दोनदा त्याला फाटकाशी घेऊन यायची. शमा पाजायला उठली की केसरबाईची भरलेली दोन खोकी तिच्या जागेवर सरकायची. दगडाबाईची कंबर धरली की सारजाची खोकी दगडाबाईकडं. जे घड फार फुटके, ज्यांच्यावर दहा-दहा मिनिटं कात्री चालवावी लागे, ते मात्र सगळ्या जणी केसरबाईपुढं ढकलायच्या, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हजेरी सगळ्यांची सारखी. कुणी किती भरली, हे विचारायची कधी वेळ आली नव्हती.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत ती वेळ आली, कारण रविंद्र आला.

रविंद्र हा केसरबाईच्या नणंदेचा, निरवांगीच्या सिंधुबाईचा मुलगा. पुण्यात मॅनेजमेंट शिकला होता. पास झाला तेव्हा निरवांगीच्या विहारात त्याचा सत्कार झाला. पांढरी साडी नेसून केसरबाई पहिल्या रांगेत बसली होती. "दहावीला मी बारामतीच्या शाळेत होतो. वर्षभर मामीच्या घरी राहिलो, मामीच्या हातचं खाल्लं," असं तो भाषणात म्हणाला, तेव्हा तिनं पदरानं डोळे टिपले होते. सोपानरावांनी त्याला एका हंगामापुरतं घेतलं होतं. हंगाम चांगला गेला तर नोकरी कायम.

पहिल्या दिवशी फाटकाबाहेर तो वाकून म्हणाला, "जयभीम, मामी." आत आल्यावर म्हणाला, "केसरबाई, जरा सगळ्यांना थांबायला सांगा."

नोकरीत असंच असायचं, असं तिनं मनाशी म्हटलं. उलट तिला जरा मजाच वाटली.

"माणूस फक्त पगारासाठी काम करत नाही," रविंद्र टेबलाच्या टोकाशी उभा राहून बोलू लागला. "माणूस नजरेसाठी काम करतो. आपल्याकडं कोण बघतंय, आपण कितव्या नंबरावर आहोत, यासाठी. यावर परदेशात मोठमोठे प्रयोग झालेत."

दगडाबाईनं कात्री थांबवली. "मंग पगार बी नजरंनीच देनार का, सायेब?"

टेबल हसलं. रविंद्रही हसला. "पगाराला हात लावायचाच नाही, दगडाबाई. तीच तर यातली गंमत आहे."

गंमत अशी होती: प्रत्येकीला नंबर. खोक्यावर त्या नंबराची चिठ्ठी. आठवडाभर मोजणी, आणि भिंतीवर तक्ता. पहिल्या बाईसाठी सोमवारी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. शेवटच्या बाईनं आठवडाभर लाल स्टुलावर बसायचं. स्टूल ठेवलं होतं टेबलाच्या दाराकडच्या टोकाला, जिथून टेम्पोवाले आणि हमाल ये-जा करतात.

केसरबाईचा नंबर नऊ. मोजणी आहे म्हणून बायांनी पैरा काही सोडला नाही. उलट शमाचं कमी दिसू नये म्हणून केसरबाईनं आपल्या कितीतरी खोक्यांवर शमाची चिठ्ठी डकवली. फुटके घडही रोजच्यासारखे तिच्याकडंच आले.

शनिवारी ती पाण्याला उठली. माठ रविंद्रच्या काचेच्या खोलीमागं होता, आणि मागची खिडकी उघडी होती.

"शेवटची कोण निघाली?" सोपानराव विचारत होते.

"नऊ नंबर. केसरबाई."

"काय सांगतोस. ती तर आपली जुनी बाई."

"जुनी म्हणूनच, साहेब. वय झालं की हात मंदावतो. आणि एका अर्थी बरं झालं, मामीच निघाल्या. पहिल्यांदा आपलंच माणूस बसवलं की बाकीच्यांना बोलायला जागा राहत नाही."

"चिडल्या म्हणजे?"

"मामी? छे हो. त्या मनाला लावून घेत नाहीत."

केसरबाईनं तांब्या भरला. एक थेंब सांडला नाही.

सोमवारी सारजासाठी टाळ्या वाजल्या. शमा तिसरी आली होती, ती मान खाली घालून उभी. मग रविंद्र म्हणाला, "केसरबाई, तुमच्या भल्यासाठीच आहे हे. एक आठवडा फक्त. तुम्ही लगेच वर याल."

"बसते की, सायेब," केसरबाई म्हणाली. त्याला 'सायेब' म्हणायची ही तिची पहिली वेळ. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

एक हमाल क्रेट उचलता उचलता थबकला. "मावशी, बडती झाली जनू?"

"व्हय बाबा. रंगीत खुर्ची मिळाली."

दुपारी शमा वाकून तिच्या कानाशी आली. "काकी, मी सांगते सायबाला. तुमची निम्मी खोकी माझ्या नावावर गेली. तुमचं सगळं..."

"काय बी सांगायचं न्हाय."

"पन काकी, लोकं बघत्यात."

"बघू दे. आन ऐक, आजपास्नं तुझं तू, माझं मी."

शमाला वाटलं, काकी आपल्यावर रागावली. केसरबाईनं तिचा गैरसमज तसाच राहू दिला.

रात्री गंगाराम म्हणाला, "जा की. पोराला पैऱ्याचं समजावून सांग. नवं हाय, चुकलं आसंल."

"त्याला म्हाईत न्हाय व्हय? त्याची आय माहेराला यायची, तवा ती आन मी एका पैऱ्यात खुरपायचो. हे बांधावर बसून शेंगा खायचं. दिस मावळला की आमालाच इचारायचं, मामी, उद्या कुनाच्या रानात?"

"मंग इसरला आसंल."

"आठवंल की."

गंगारामनं तिच्याकडं एकवार बघितलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. बरणीचं झाकण बसलं होतं, हे त्याला कळलं.

आता केसरबाईनं काय केलं, असं कुणी विचारलं असतं, तर तिनं काहीच केलं नाही. करत होती तेवढं सोडलं. शमाच्या जागेवर खोकं सरकवणं सोडलं. पुढ्यात ढकललेला फुटका घड, आला तसा परत ढकलला. आणि 'देठ' म्हणणं सोडलं. स्टुलावर बसून ती आपल्यापुरती द्राक्षं भरत राहिली, देठाला धरून, भराभरा. सहा हंगामांत आपला हात असा मोकळा कधी सुटलाच नव्हता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

पुढच्या सोमवारी टाळ्या वाजल्या त्या नऊ नंबरसाठी.

लाल स्टुलावर शमा गेली.

त्या आठवड्यात एकदा शमा मूल पाजून परत आली. ब्लाउजवर दुधाचा डाग, कपाळावर घाम. तिच्या पुढ्यातली खोकी होती तेवढीच होती. तिनं मान वर करून केसरबाईकडं बघितलं. मागितलं काही नाही. केसरबाईचा हात भरलेल्या खोक्यावर होता, आणि ते खोकं चार बोटं सरकलंसुद्धा. तेवढ्यात काचेच्या खोलीत रविंद्र कुणाला तरी फोनवर हसून सांगताना दिसला. केसरबाईनं खोकं आपल्याकडं ओढलं आणि नऊ नंबरची चिठ्ठी लावली.

टेबलावरचा वाराच बदलला. फुटके घड कुणालाच नको, म्हणून ते इकडून तिकडं फिरायचे आणि शेवटी खोक्याच्या तळाशी जायचे, वर चांगले. सारजा आणि दगडाबाई एका क्रेटवरून भांडल्या.

"तू काल बी चांगलाच क्रेट उचलला."

"आन तू गेल्या साली माझी खोकी घेतली, तवा न्हाय बोललीस."

देठ धरायला सवड कुणाला? सगळ्या मूठभर धरायच्या आणि टाकायच्या. दिवसाला चारशे खोकी निघायची, ती सहाशेवर गेली. तक्त्यावरची निळी रेघ वर वर चढली.

"काकी, ह्या मणी धरत्यात," शमा स्टुलावरून म्हणाली. "तुमी बोला की."

"मी कोन बोलनार? सायबाला इचार."

शमानं खरंच विचारलं. रविंद्रनं एक घड उचलला, बोटांनी पुसला आणि उजेडात धरला. "ती पांढरी भुकटी औषधाची असते, शमाताई. पुसली गेली तर बरंच. बघा, कशी चकाकतात."

केसरबाईनं मान वर केली नाही. फक्त तिची कात्री क्षणभर हवेत थांबली. आपण काही न करता हा आपल्या पायांनी खड्ड्याकडं चालत आला, एवढंच तिच्या मनात आलं. घरी जाताना एसटीत ती गुणगुणत होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय वो, लेकीकडनं सांगावा आला का?"

फाटकाबाहेर एकदा तो तिच्या बरोबरीनं चालला. "मामी, खरं सांगा, राग आला होता ना तेव्हा? आणि आता बघा, तीन आठवडे पहिल्या."

"व्हय. तुझ्यामुळं कळलं, माझा हात किती चालतो."

"बघा. माणसाला स्वतःची ताकद माहीत नसते."

"न्हायच," केसरबाई म्हणाली.

मुंबईच्या बाजाराला चकाकणारी द्राक्षं चालत होती. दोन दिवसांत विकली जायची, कुणाची तक्रार नाही. मार्चमध्ये मात्र सोपानरावांना परदेशी मालाची पहिली मागणी आली. आधी दीड हजार खोकी नमुन्याची, ती पसंत पडली तर पुढचा सगळा हंगाम. बोटीतून महिनाभर जाणारा माल. नमुना बघायला खरेदीदाराचा माणूस आला, पांढरा शर्ट, गळ्यात चष्मा. सोपानरावांनी ठेवणीतला कोट घातला होता. रविंद्रनं तक्त्यावरची धूळ पुसून ठेवली होती.

त्या माणसानं पहिलं खोकं उघडलं. घड देठाला धरून उचलला. ते बघून केसरबाईला तो माणूस आवडला. त्यानं चष्मा लावला, घड फिरवला, खाली ठेवला. दुसरं खोकं, तिसरं. पाचव्यात हात तळाशी घातला आणि ओली बोटं बाहेर काढली. बोटं रुमालाला पुसत तो म्हणाला, "प्रत्येक मण्यावर ठसे आहेत. एवढे ठसे तर पोलिसांकडंही नसतील."

सोपानरावांनी वाकून खोक्यात बघितलं.

"साहेब, आमचं उत्पादन दीडपट झालंय," रविंद्र म्हणाला. "हा तक्ता..."

"तक्ता बोटीत घालायचाय का?" तो खोकी उघडत पुढं गेला आणि एकापाशी थांबला. त्यातला घड त्यानं वर धरला. पहाटे तोडून आणल्यासारखा, भुकटी जशीच्या तशी. शेजारचं खोकंही तसंच. "हे नऊ नंबर कोण? अशी बाई असताना बाकीच्या सगळ्यांचं असं कसं?"

सोपानराव टेबलाकडं आले. "केसरबाई, तुमचा माल असा. मग ह्या पोरींना का नाही सांगितलं? दरसाल तुमचा आवाज बंद नसतो."

केसरबाई उठून उभी राहिली. "मी माझ्यापुरतं बघत हुते, मालक. सायबांनी तसंच सांगितलं हुतं. ज्याचं त्यानं."

"पण मामी..." रविंद्र म्हणाला. शेडमध्ये तिला अशी हाक पहिल्यांदाच.

"आन माझ्या सांगन्याला काय किंमत? पयल्या आठवड्यात मी शेवटची हुते. हात मंदावलेली बाई."

तेच शब्द. रविंद्रनं मागच्या खिडकीकडं बघितलं, मग माठाकडं.

दगडाबाईला राहवलं नाही. "मालक, ती मोजनीच उलटी. आमी पैरा करत हुतो. शमाची निम्मी खोकी केसरबाईनं भरलेली, आन सगळे फुटके घड बी तिच्याच गळ्यात."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" रविंद्रचा आवाज बारीक झाला.

"तुमी मोजत हुता, सायेब. इचारलं कवा?" दगडाबाई म्हणाली.

खरेदीदाराच्या माणसानं घड्याळ बघितलं. नऊ नंबरसारखी दीड हजार खोकी चार दिवसांत मिळाली तर बघू, म्हणाला आणि गाडीत बसला. सोपानराव कोटाची बटणं काढत केसरबाईपुढं येऊन थांबले.

"होतील?"

"हुतील. ते स्टूल आन तक्ता तेवढा भाईर न्या."

"नेतो. आणि ह्याचं काय करू?" त्यांनी रविंद्रकडं हातही केला नाही, नुसती हनुवटी हलवली. "तुमचा भाचा आहे. शिकलेला आहे, सुधारेल. तुम्ही म्हणत असाल तर ठेवतो. सगळ्यांसमोर सांगा, मागून कुरकुर नको."

सगळ्या बाया बघत होत्या. हमाल बघत होते. रविंद्र बघत होता, आणि त्या बघण्यात दहावीतलं, ताटावर बसून भाकरीची वाट बघणारं पोर होतं. केसरबाईनं ते पुरतं बघून घेतलं. मग कात्री खाली ठेवली आणि मालकाला उत्तर दिलं.

चार दिवसांत दीड हजार खोकी गेली आणि पसंत पडली. 'देठ धर' पुन्हा सुरू झालं, पैराही सुरू झाला. शमा मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, सारजाजवळ जाऊन बसली. एकदा केसरबाईनं हातोहात एक खोकं तिच्याकडं पाठवलं. ते हातोहात परत आलं. "काकीला म्हनावं, माझं मी करते," असा निरोपही आला. केसरबाईनं ते खोकं बराच वेळ पुढ्यात तसंच ठेवलं होतं.

रविवारी निरवांगीहून सिंधुबाई आली. चप्पल न काढता उंबऱ्यातच बसली. गंगारामनं बहिणीला बघितलं आणि विहारात काहीतरी काम आहे म्हणून बाहेर गेला.

"च्या टाकते, वन्सं."

"च्या प्यायला न्हाय आले. चार दिस झालं, पोरगं हातरुनात तोंड घालून पडलंय." सिंधुबाईनं पदर तोंडाशी धरला. "स्टुलावरच बसवलं ना तुला त्यानं? मारलं तर न्हाय?"

"मारलं आसतं तर इसरले आसते." केसरबाईनं स्टो पेटवला. "मी शेवटची निघाले, तर म्हनला, बरं झालं. मालकापाशी. मामीच निघाल्या, बरं झालं."

"पोराच्या जातीला बोलायचं कळतंय का?"

"पुन्यात बोलायचंच शिकत हुता."

चहा उकळायला लागला. केसरबाईनं दोन कप भरले, एक तिच्यापुढं ठेवला.

"तुझ्या हातचं वर्सभर खाल्लं त्यानं, वैनी. पोटच्या पोरावानी केलंस. आन मालक सवता इचारत हुता. तुझ्या तोंडातनं एक शबुद निघाला आसता, तर पोराची नोकरी राह्यली आसती."

"निघाला की, वन्सं," केसरबाई म्हणाली. "मालक म्हनला, ठेवू का? मी म्हनलं, नको."

सिंधुबाईनं तिच्याकडं बघितलं. मग कपाला हात न लावता उठली, आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. केसरबाईनं तिला हाक मारली नाही. वळणापलीकडं तिचं लुगडं दिसेनासं होईपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहिली. मग खाली बसली, आपला चहा प्यायली, आणि तो संपल्यावर नणंदेचाही प्यायली.